तिकडच्या राखणदाराला

“काकी, तुम्ही आत फॅमिली सेक्शनमध्ये बसा ना. पंखा आहे तिथं,” सुजय म्हणाला.

“मला काय धाड भरलीय? मी ह्यांच्याजवळच उभी राहणार,” मी म्हटलं.

बारमध्ये पाऊल टाकायची माझी ही पहिलीच वेळ. सुजय आमच्याच वाडीतला पोरगा. कितीतरी वर्षं मोठाल्या प्रवासी बोटींवर वेटर होता. तिकडचं बघून आला आणि रत्नागिरीत भाट्याच्या रस्त्याला तसंच उभं केलं. झावळ्यांचं छप्पर, रंगीत दिवे, कोंबडी भाजायला कापलेलं पिंप आणि भिंतभर रंगवलेला निळा समुद्र. त्यावर हातभर अक्षरांत ‘कॅरिबियन’. ते मी दोनदा वाचलं.

हाच शब्द कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितला होता. आमचा रितेश मालवाहू बोटीवर, इंजिनात कामाला. कॅरिबियन समुद्रात असताना एका रात्री डेकवर गेला, तो सकाळी कुणाला दिसलाच नाही. शोधला म्हणाले, मग शोध थांबवला म्हणाले. आता तो मेला कंपनीवाला फोनही उचलत नाही. पोर गेलं म्हणून रडू, की येणार म्हणून वाट बघू? भात वाढून घेते आणि तशीच उठते.

ह्यांचं, म्हणजे केरूंचं, पोटापाण्याचं काम आंब्याच्या बागेत फवारणीचं. पण वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. हे देवाला सांगणार आणि जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणून साथ द्यायची. रितेशसाठी ह्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. साथीला होतं कोण? तीन म्हातारे, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. बाकी सगळी मुंबईला. घरी येऊन हे पडवीत बसले आणि म्हणाले, “गंगे, येवढ्याशा आवाजान् देव तरी कसा उठंल गो?”

तेवढ्यात सुजयचं बोलावणं आलं, बारच्या उद्घाटनाला गाऱ्हाणं घाला म्हणून. माझं डोकंच फिरलं. पोराचा ठाव नाही आणि तुम्ही दारूच्या दुकानात निघालात?

“शंभर माणसं असतील तिथं,” हे म्हणाले. “नि राखणदाराला द्यायची बाटली तिकडची हाय, कॅरिबियनची. तिकडच्या पाण्याचा राखणदार देव आपली गावठी कशाला वळखंल? त्याला त्याचीच दिली पायजे.”

ह्यांना वेड लागलंय म्हणावं, तर मला कुठं कमी लागलं होतं! इस्त्रीचं पातळ काढलं आणि निघाले.

आता बारमध्ये सुजयने ह्यांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, “काका, रितेशचं नाव नका हं काढू. मला काय वाटत नाही असं नाही. त्याला पोहायला मीच शिकवलंय. पण आजचा दिवस शुभ. माणसं लांबून आलीत.”

“बरं,” हे म्हणाले.

बरं? मग आलो कशाला झक मारायला? मी रागाने ह्यांच्याकडे बघितलं, पण हे मान वर करीनात.

गाणी थांबली. सुजयने माइकवर सगळ्यांना साथ कशी द्यायची ते समजावलं. सगळे हसले, मोबाइल वर झाले. ह्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि केळीच्या पानासमोर उभं राहून रमची बाटली उघडली.

“बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा! ह्या लेकरान् आज नवा धंदा मांडलाय...”

“व्हय म्हाराजा!”

बाई गं, केवढा तो आवाज!

“त्याला यश दे, बरकत दे. इथं येईल तो हसत घरी जाऊ दे...”

“व्हय म्हाराजा!”

ह्यांनी पानावर रम ओतली. सुजयने टाळी वाजवायला हात वर केले. पण हे थांबले नाहीत. भिंतीवरच्या समुद्राकडे वळले आणि बाटली त्याच्या पायाशी रिकामी करायला लागले.

“तिकडच्या राखणदारा म्हाराजा! तुझी भाषा मना येत नाय. तुझीच दारू तुला देतंय, गोड मानून घे. माझा रितेश तुझ्या पाण्यात हाय...”

“व्हय म्हाराजा!”

“कुठं आडकला असंल तर सोडव. त्याची आय जेवत नाय. त्याला घराक लाव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!” छप्पर हादरलं. कुणी शिट्टी मारली. पुढच्या टेबलावरची एक पोरगी हसता हसता मैत्रिणीच्या अंगावर पडली. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. सुजय तेवढा माइक छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“काका, वन्स मोर!” मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. “वन्स मोर! वन्स मोर!”

हे भांबावले. रिकामी बाटली हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“गंगे, हसतायत गो.”

“हसू देत,” मी म्हटलं. “‘व्हय म्हाराजा’ म्हणतायत ना? सगळी हायत तवर पुन्हा म्हणून घ्या.”