वेळेआधी काढलेली शिडी

मित्रांनो, शिडीला तिची गोष्ट कुणी विचारत नाही. तिच्यावर चढतात, काम उरकतात आणि तिला भिंतीला टेकवून निघून जातात. पण गप्प उभं राहणं मला कधीच जमलं नाही, म्हणून आज न विचारताच सांगते. मी एक जुनी, घडीची, लाकडी शिडी आहे. माझं सगळं आयुष्य केंटकीच्या डोंगरातल्या टर्टल फोर्क कॉलेजात, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये गेलं.

पाइनचं लाकूड कापून, रंधा मारून मला तयार केलं तेव्हा माझ्या चारही पायांत रबराचे बूट होते. त्यातला एक पहिल्याच हिवाळ्यात हरवला. तेव्हापासून मला कुणी ओढलं की त्या उघड्या पायाची अशी काही किंचाळी निघायची, की मेलेला माणूस उठून बसावा. दिवे बदलायला, नाताळच्या झिरमिळ्या टांगायला, बास्केटच्या फळीमागे अडकलेला चेंडू काढायला मीच लागायची. ही सगळी चाकरी मी बिनबोभाट केली. पण माझा जीव अडकला होता दुसऱ्याच कामात.

त्या भागात एक रीत आहे. स्पर्धा जिंकली की जिंकणारा संघ शिडी मागतो. एकेक खेळाडू वर चढतो, बास्केटच्या कड्याला लोंबणाऱ्या जाळीचा एकेक धागा कात्रीनं कापतो, आणि शेवटचा धागा कापून प्रशिक्षक ती जाळी गळ्यात घालतो. त्या वेळी सगळा हॉल शिडीकडे डोळे लावून बसलेला असतो. शिडीच्या जन्माला येऊन याहून मोठं सुख नाही.

आणि या रीतीला एक पथ्य आहे. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत शिडी कुणाच्या नजरेस पडता कामा नये. ती आधी दिसली की जिंकलेला सामना हातचा जातो, असं म्हातारेकोतारे सांगत. म्हणून हॉलचा रखवालदार हॉबर्ट नेपियर मला बाकांमागच्या कोठीत, दार लावून ठेवायचा.

आसपासच्या कॉलेजांच्या आमच्या गटाचा अंतिम सामना, ज्याचा हंगाम सर्वांत चांगला जाईल त्याच्या हॉलमध्ये व्हायचा. मुलींचा तो सामना आमच्याकडे दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांनी तो जिंकला. म्हणजे शिडी आमची, जाळी आमची, आणि वर चढणारे बूट परक्यांचे. लग्न आपल्या दारात आणि वरात शेजाऱ्याची. मी ते बूट सोसले, पण त्यानंतर कोठीत माझं मन स्वस्थ राहिलं नाही.

हॉबर्टचंही राहिलं नाही. त्याची मुलगी ट्विला आमच्याच मुलींच्या संघात खेळायची. ती लहान असताना तंबाखूच्या कोठारावर कडं ठोकायला हॉबर्ट मला गाडीत घालून घरी घेऊन गेला होता. तो वर खिळे ठोकत होता आणि ही पोर खालच्या पायरीवर उभी राहून त्याला सांगत होती, "डॅडी, वाकडं आहे. डॅडी, अजून वाकडं आहे." ते कडं शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. त्याच वाकड्या कड्यावर ती शिकली, आणि म्हणूनच सरळ कड्यात तिचा चेंडू कधी चुकत नाही, असं हॉबर्ट जो भेटेल त्याला सांगायचा.

ट्विलाचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. पुढे ती गावच्या शाळेत शिकवणार होती. बास्केटबॉल तिथेच संपणार होता. आमच्यासारख्या लहान कॉलेजला देशाच्या मोठ्या स्पर्धेत जायचं तर गटाची स्पर्धा जिंकण्यावाचून दुसरी वाट नव्हती.

हंगामाच्या सुरुवातीला एकदा ती कोठीत आली, माझ्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधू लागली आणि बापाला म्हणाली, "डॅडी, मला बाकी काही नको. एकदा आपल्याच जाळीला कात्री लावायचीय."

"लावशील की," हॉबर्ट म्हणाला.

"दोनदा उभी राहून बघितलंय मी. दुसऱ्या पोरी आपल्या शिडीवर चढून हसतात."

ती गेल्यावर हॉबर्टनं मला ओल्या फडक्यानं पुसून काढलं. त्या दिवसापासून रोज पुसू लागला.

हंगामाची सुरुवात मात्र अशी झाली की बोलायची सोय नाही. गटाबाहेरचे पहिले सामने आम्ही ओळीनं हरलो. संघातली उंच ओपल कड्याखाली उभी राहायची आणि चेंडू तिच्या हातातून साबणासारखा निसटायचा. दाराशी मक्याच्या लाह्या विकणारी बर्निस म्हातारी आल्यागेल्याला सांगायची, "आत जा, तिकीट फुकट जाणार नाही. हसायला तरी मिळेल."

प्रशिक्षक होत्या मिस स्टिडम. या बाई ओरडत नसत. हरल्यावर त्या संघाला हॉलमध्ये बसवून घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी खायला घालायच्या, आणि खाताना कुणाचं काय चुकलं ते एकेकीच्या कानात सांगायच्या. "घास घशाखाली उतरताना सांगितलेलं डोक्यात राहतं," असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण जानेवारीच्या बर्फात काहीतरी फिरलं. ओपलच्या हाताला चेंडू चिकटू लागला. ट्विला न बघता पास द्यायची आणि तो बरोबर पोचायचा. आम्ही जिंकलो, पुन्हा जिंकलो, आणि मग जिंकतच राहिलो. कोळशाच्या खाणीतून सुटलेली माणसं काळ्या तोंडानंच हॉलमध्ये येऊन बसू लागली. बर्निसच्या लाह्या मध्यंतराच्या आधीच संपू लागल्या, तरी तिचं तोंड काही संपेना. "फार उडू नका," ती म्हणायची. "उडणारी कोंबडी आधी भांड्यात जाते."

उपांत्य सामन्याच्या दिवशी रस्ते बर्फानं बंद होते. माणसं ट्रॅक्टरवर बसून आली. तो सामना ट्विलानं शेवटच्या क्षणी टाकलेल्या चेंडूवर जिंकला. मला कोठीत फक्त आवाज ऐकू आला, पण तो इतका मोठा होता की माझ्या पायऱ्या थरथरल्या. आता एकच सामना उरला होता, आणि तो आमच्याच हॉलमध्ये होता. पाइन नॉब कॉलेजच्या मुली येणार होत्या. दोनदा आमची जाळी नेणाऱ्या त्याच.

मित्रांनो, त्या दुपारी हॉबर्टचा पाय एका जागी ठरत नव्हता. तो कोठीत यायचा, मला पुसायचा, बाहेर जायचा, परत यायचा. कात्री खिशात आहे ना ते चाचपायचा. मी तरी कुठे शांत होते! दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, तिच्याकडे बघत मी उभी होते. बाहेर बूट करकरत होते, बाकांवर पाय आपटत होते. कधी आमचा आवाज चढायचा, कधी त्यांचा.

शेवटी शेवटी आमचाच आवाज चढत गेला आणि उतरेना. हॉबर्टनं दार किलकिलं करून पाहिलं. आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. काही सेकंद उरले होते आणि चेंडू ट्विलाच्या हातात होता. कोठीच्या दारापासून हाताच्या अंतरावर, रेषेबाहेर उभी राहून ती चेंडू आत टाकणार होती. तो ओपलच्या हाती गेला की सामना संपला.

हॉबर्टचे डोळे भरून आले होते. पोरीला क्षणभरही वाट बघायला लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं दार उघडलं आणि मला ओढलं.

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. माझा उघडा पाय फरशीवर असा किंचाळला की पुढच्या ओळीतल्या लोकांनी कान झाकले. आणि ट्विलानं मान वळवली. चेंडू हातातून सुटता सुटता वळवली. तो ओपलकडे गेलाच नाही. पाइन नॉबच्या एका बुटक्या मुलीनं तो मधेच उचलला, लांबूनच फेकला आणि आत घातला. लांबून टाकलेल्या चेंडूचे तीन गुण. बरोबरी. भोंगा.

हॉल गार पडला. मी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. मग बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "हॉबर्टनं शिडी काढली." ते वाक्य ओळीओळीनं वरपर्यंत गेलं. "शिडी काढली. हॉबर्टनं शिडी काढली."

आयुष्यभर मी सगळ्यांच्या नजरेत यायची वाट पाहिली होती. आता सगळे माझ्याकडेच बघत होते आणि मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मिस स्टिडम जवळ आल्या. "हॉबर्ट," त्या हळूच म्हणाल्या, "ती आत ने. आणि दार लाव."

त्यानं मला उचलून आत नेलं, दार लावलं आणि उपड्या बादलीवर बसला. बाहेर जादा वेळेचा खेळ सुरू झाला. हॉबर्ट उठला, बसला, पुन्हा उठला. दाराच्या कडीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आपण पाहिलं तर आणखी काही बिघडेल, असं त्याला वाटत असावं. मग त्यानं खिशातून रुमाल काढला आणि माझ्या उघड्या पायाला गुंडाळून घट्ट बांधला. इतकी वर्षं ते कुणालाच सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते असं, सगळं झाल्यावर.

"लाथ घालायला पाहिजे मला," तो माझ्याकडे बघून म्हणाला. कोठीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

भोंगा वाजला. केवढा तरी गलका उठला. पण पाइन नॉबची माणसंही दोन बस भरून आली होती, आणि भिंतीतून आरोळी कुणाची ते कळत नाही. आम्ही दोघं तसेच राहिलो, तो बादलीवर आणि मी भिंतीशी. ते थोडकेच क्षण, पण माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेच सर्वांत लांब वाटले.

दारावर टकटक झाली आणि ट्विला आत आली. केस कपाळाला चिकटलेले, छाती अजून धपापत होती.

हॉबर्टनं वर पाहिलं नाही. "कोण?"

"पाइन नॉब."

"कितीनं?"

"एका गुणानं."

हॉबर्ट रुमालाची गाठ चाचपत म्हणाला, "मी ही बाहेर काढली नसती तर..."

"तर जिंकलो असतो," ट्विला म्हणाली. "खोटं कशाला बोलू, डॅडी? घाई केलीस तू. पण पास मी टाकला. शिडीनं नाही टाकला."

"तू आवाजाकडे बघितलंस."

"बघणारच. लहानपणापासून हा आवाज आला की मला वाटतं, डॅडी माझ्यासाठी काहीतरी करतोय." तिनं नाक पुसलं. "ऊठ. त्यांना शिडी हवीय."

"तू जा तुझ्या पोरींकडे. मी नेतो."

"एकट्यानं नेलीस की ही बोंबलते. सरक तिकडे. मी एक टोक धरते."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत. तिकिटं काढलीत त्यांनी."

आणि मित्रांनो, ते दोघं मला घेऊन बाहेर आले. पुढे बाप, मागे मुलगी, मधे मी. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माझ्या पायाचा आवाज झाला नाही. दारापाशी बर्निस म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. हॉबर्ट समोरून जाताना ती म्हणाली, "आत्ता आलास बघ वेळेवर."

आधी कुणी हसलं नाही. मग ट्विला हसली. रडत रडतच हसली. तिच्यामागून ओपल, मग बाकांवरची एकेक ओळ, आणि शेवटी हॉबर्टसुद्धा. त्यानंतर पाइन नॉबच्या मुली एकेक करून वर चढल्या आणि आमची जाळी कापू लागल्या. माझा डावा पाय हॉबर्टनं धरला होता, उजवा ट्विलानं. वर कात्री चालत होती आणि ट्विला वर बघत नव्हती, ती बापाकडे बघत होती. परक्या बुटांचं ओझं मला तेव्हाही जाणवलं. दुःख झालं नाही असं कसं म्हणू? खूप झालं.

त्या खोऱ्यात पुढे आमचे संघ जिंकलेही, आणि त्यांनी जाळ्याही कापल्या. पण लोक गोष्ट सांगतात ती त्याच हंगामाची. लग्न ठरायच्या आधी कुणी मांडव घालायला निघालं, की आजही तिथे म्हणतात, "अजून शिडी काढू नकोस." हॉबर्टला जन्मभर चिडवलं, आणि पुढे पुढे तोच ती गोष्ट सर्वांत रंगवून सांगू लागला.

मग ॲल्युमिनियमची हलकी शिडी आली आणि मला हॉलमागे पावसात टाकून दिलं. तिथून हॉबर्टनं मला घरी नेलं. आता मी त्याच्या परसात उभी असते आणि माझ्यावर घेवड्याचे वेल चढतात. ट्विला शाळेतल्या मुलींना खेळ शिकवते आणि सुट्टीत येऊन शेंगा तोडते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी म्हणेन, घाई करू नका. ते सगळेच म्हणतात. आणि म्हाताऱ्या शिडीचं ऐकून घाई कुणी सोडली आहे? माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यावरच्या मायेपोटी कुणी उतावीळ होईल आणि तुमचं होत आलेलं काम बिघडवून बसेल. मग ते माणूस एखाद्या कोठीत दार लावून बसेल. त्याला तिथे एकट्याला बसू देऊ नका. दार वाजवा, आत जा, खरं काय ते सांगा. आणि मग शिडीचं एक टोक तुम्ही धरा.