पापण्या नसलेला देव

"सर, नवा देव करता येतो का?"

हे मी भर वर्गात विचारलं, ते मुमताज आणि पुष्पावतीनं मला डिवचलं म्हणून. मुमताज म्हणाली होती, "तुझ्यात तेवढी हिंमत न्हाई, मनकर्णे." असं कुणी म्हटलं की आजकाल माझा हात आपोआप वर जातो. आठवीपर्यंत जात नव्हता. तेव्हा मी शेवटच्या ओळीत बसून वेणीचं टोक चावायचे. मग यंदा वक्तृत्वात तालुक्याला माझा नंबर आला आणि तोंडावरचं झाकण जे उडालं ते उडालंच.

वर्ग खिदळला. सर भूगोल शिकवत होते. त्यांनी खडू ठेवला. "करता येतो की. वाटेतल्या दगडाला शेंदूर फासला की झाला देव. पण तुला कशाला हवाय?"

"हवा न्हाई सर. होऊन बसलाय."

"मग काढून टाक."

"निघत न्हाई."

पुन्हा हशा. सरही हसले. मी मात्र अगदी खरं सांगत होते.

तर त्याचं असं झालं. गावाच्या खालच्या अंगाला दुष्काळी कामातून पाझर तलाव खोदायचं चाललंय. माझी आई आणि आप्पा दोघंही तिथं आहेत, तसं निम्मं गाव तिथंच आहे. शाळा सकाळची, त्यामुळे सुटली की आम्ही तिघी भाकरी घेऊन कामावर जातो. दुपारच्या सुट्टीत बाया एका बाभळीखाली बसून कामावर वाटलेली सरकारी सुकडी खातात आणि कुणी चकार शब्द बोलत नाही. मला गप्प बसलेली माणसं बघवत नाहीत. म्हणून मी त्यांना सातवेशी सांगायला लागले.

सातवेशी हा माझा देश. मी मनानं केलेला. त्याला सात वेशी आणि प्रत्येक वेशीवर एक देव. गारठोबा आळशी, वर्षातनं दोनच महिने उठतो. फुफाटोबा धुळीचा, ज्याच्या घरात शिरतो तिथं भांडण लावून येतो. सावळाई सावलीची, दुपारी बारीक होते म्हणून रुसते. आणि सगळ्यांत थोरला तळपोबा, म्हणजे सूर्य. माझा तळपोबा रागीट नाही. त्याला फक्त पापण्या नाहीत. ढग म्हणजे त्याच्या पापण्या, पण गारठोबानं त्या पांघरायला मागून नेल्या आणि परत दिल्याच नाहीत. म्हणून बिचारा टक लावून बघतो. खाली जे चाललंय ते त्याला बघवत नाही, पण डोळा मिटणार कशानं?

मला वाटलं बाया हसतील. एकजणही हसली नाही. गोजरबाई तर सुकडीचा घास हातातच धरून बसल्या. त्या आमच्या शेजारी राहतात. त्यांचा मुलगा गोरक्ष दिवाळीनंतर नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात काम बघतो म्हणून गेला, तेव्हापासून त्याचा निरोप नाही. त्या हळूच म्हणाल्या, "मिटंना व्हय रं द्येवा तुजा डोळा. माजाबी मिटंना."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर खोदकामाच्या जागी कमरेएवढा एक दगड उभा होता, त्याला शेंदराचे दोन डोळे काढलेले आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकलेलं. त्या पापण्या. आणि त्याच दुपारी नेमका एक ढग आला. चाळणीएवढा. सूर्यापुढं घटकाभर थांबला नि निघून गेला. थेंब पडला नाही, पण अख्ख्या कामावर ओरडा झाला, "मिटला, मिटला."

मुमताज माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या गोष्टीपुढं नारळ फुटतोय बघ. आमचे अब्बा गोष्ट सांगतात तर आमी झोपतो."

खरं सांगू, मला लई भारी वाटलं. त्या रात्री मी तळपोबाला एक मेहुणासुद्धा दिला.

मग रोजचंच झालं. दुष्काळात फुलं कुठली, पण रुईला येतात. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बाया ओल्या बोटानं दगडाच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक फूल चिकटवायच्या आणि कौल मागायच्या. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. "देवा, खूश हायेस का?" रोज उजवंच पडायचं.

गेल्या आठवड्यात ओव्हरसियर साहेब फीत घेऊन आले. तलावाचा बांध नेमका त्या दगडावरून जाणार. ते म्हणाले, "हे सोमवारपर्यंत बाजूला घ्या. नाहीतर काम पलीकडच्या गावाला देतो, तिथले लोक मागतातच आहेत." बाया दगडाभोवती बसल्या. घमेली पालथी घातली. काम बंद.

मी धावत गेले. "मावशी, उठा. देव न्हाई तो. मी केलाय त्याला, मनानं. खोटा हाय."

गोजरबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आई तापातल्या पोराकडं बघते. "तू केलास म्हनून काय झालं? मडकं कुंभार करतो, तरी पानी त्यात ऱ्हातंच की."

"पण मावशी, मेहुण्यापर्यंत सगळं मीच..."

"तुज्या तोंडातनं आला. आता तुज्याच हातानं कौल लाव सोमवारी. त्यो व्हय म्हनला, उठतो म्हनला, तर उठवू. न्हाई म्हनला, तर साह्यब गेला उडत."

सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी तर वेगळाच प्रकार. आई माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "कामावरची रंगुबाई माज्या पाया पडाया वाकली आज. म्हनली, तुज्या पोटाला द्येवाचं लेकरू." आणि आप्पा, जे एरवी माझ्याकडं फार लक्ष देत नाहीत, ते मला ताट वाढून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "कौल नीट लागला की देवाजवळ तूच बसायचं. लोकं म्हनत्यात तसं. जूनपासनं शाळा कशाला आता? नववी लई झाली. आपल्या घरात आजवर कुणाच्या तोंडी देव आला न्हवता."

त्यांच्या आवाजात एवढा अभिमान होता की मला नाही म्हणवेना. वक्तृत्वात नंबर आला तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले होते.

जेवण झाल्यावर गोजरबाई आल्या. उंबऱ्यावरच बसल्या. मला म्हणाल्या, "आधी गावाचं इचार. मग माजं येक इचारून दे. गोरक्ष यील का, एवढंच. त्यो व्हय म्हनला की मी रोज सांजच्याला फाट्यावर जाऊन बसीन."

आज रविवार. उजाडल्यापासून मी नुसती येरझाऱ्या घालत होते. शेवटी सकाळीच मुमताजला बोलावून घेतलं. म्हटलं, उद्या चुकायला नको, घरामागं सराव करू. एक उभट दगड शोधला, कामावरच्यासारखाच उत्तरेला तोंड करून ठेवला, ओल्या बोटानं दोन्ही अंगांना फुलं लावली. उजवं पडलं. परत लावली. उजवं. मुमताज म्हणाली, "हा बी तळपोबाच हाय म्हन की."

मग मी दगड फिरवला, तोंड दक्षिणेला. डावं पडलं. परत डावं. दोघी खाली बसून बघत राहिलो. पूर्वेच्या अंगाला ऊन होतं. तिथलं पाणी आधी वाळायचं आणि फूल सुटायचं. एवढंच. तिसऱ्या प्रहरी दगडाचं तोंड परत उत्तरेला करून लावून बघितलं तर ऊन पश्चिमेला गेलेलं, आणि फूल त्या अंगाचं, म्हणजे डावं पडलं.

"मग झालं की," मुमताज म्हणाली. "उद्या सकाळीच लाव. उजवं पडणार, देव उठणार, काम चालू. सुटलीस."

मलाही आधी तसंच वाटलं. मी उडीच मारली. पण उडी मारून खाली आले आणि डोक्यात सगळा काला झाला. फूल कुणी पाडलं? उन्हानं. ऊन कुणाचं? सूर्याचं. आणि तळपोबा म्हणजे कोण? म्हणजे कौल खरंच त्यानंच दिला की काय? मी ज्याला खोटा म्हणते तोच फूल पाडतोय, आणि ज्या बायकांना मी वेडं समजते त्या बरोबर आहेत? पण मग त्यानं नीट ऐकून उत्तर दिलं असतं ना. तो तर सकाळी विचारा, होच म्हणतो. दुपारनंतर विचारा, नाहीच म्हणतो. उद्या सकाळी गोजरबाईंनी गोरक्षाचं विचारलं तर तो हो म्हणणार. गोरक्ष कुठं आहे, कसा आहे, हे त्या उन्हाला काय माहीत? आणि गोजरबाई फाट्यावर जाऊन बसणार. रोज. माझ्या हातानं लावलेल्या फुलामुळं.

मुमताज म्हणाली, "तुझं तोंड असं का झालं?"

मी म्हटलं, "मला काहीच कळंना झालंय."

अजूनही सगळं कळलेलं नाही. देव आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही, सरांनाही आलं नसतं. पण ओसरीवर बसून तासभर सावली सरकताना बघितली, आणि एक गोष्ट दिसली जी मी स्वतःच्या गोष्टीत घालायची विसरले होते. आता आई चुलीपुढं रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापतेय, आप्पा पाटावर बसलेत. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"आप्पा, आई, उद्या मी कौल लावणार न्हाई."

आईचा हात थांबला. आप्पा म्हणाले, "येडी झालीस का? गाव जमनार हाय."

"जमू दे. मी सगळ्यांपुढं सांगणार, फूल ऊन पाडतं. कुणाला बघायचं असंल तर दगड फिरवून दाखवीन."

"आन मग दगड कोन हलू दील? काम जाईल ना, पोरी."

"मग पुढची गोष्ट सांगीन. सूर्य एका जागी बसलेला कुणी बघितलाय का, आप्पा? बसला तर त्यो तळपोबा कसला? त्याला रोज चालायचं असतं, आणि आपण त्याला खोदकामात गाडून ठिवलाय. ज्यांना त्यो हवाय त्यांनी त्याला उचलून पलीकडं न्यावं. त्याला माझ्या कौलाची गरज न्हाई."

"आन न्हाई ऐकलं तर?"

"तर शिव्या खाईन." माझा आवाज जरा चिरकला, तरी मी थांबले नाही. "पण गोजरमावशींना मी वाळल्या फुलावरनं पोराचं सांगणार न्हाई. मुमताजचे अब्बा बुधवारी ट्रक घेऊन नगरला चाललेत. मी मावशींना घेऊन त्यांच्याबरोबर नागापूरला जाणार, कारखान्यांच्या दारात उभं राहून गोरक्षदादाचं विचारणार. आणि जूनमध्ये दहावीत बसणार. हे मी तुमाला विचारत न्हाई आप्पा, सांगतीय."