पाचव्या खुर्चीपुढचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला दोन क्लिपा आहेत. त्यातली डावी लागत नाही आणि उजवी लागली की सुटत नाही. झाकणावर एक पोचा आहे, अंगावर चरे आहेत, आणि पोटात एक छोटी वाटी आहे, जी हलवली की वाजते. असा मी, एक म्हातारा स्टीलचा डबा. सध्या एका बेकरीत वरच्या फळीवर बसून असतो. खाली दिवसभर पाव विकले जातात, पण माझ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. कोणी पाहावं असा माझा हट्टही नाही. फक्त पोटात एक गोष्ट अडकून राहिली आहे, ती तुम्हाला सांगायची आहे.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. बाकीच्या डब्यांबरोबर मीही चकचकीत होतो, कोणी पाहिलं तर त्याला स्वतःचं नाक दिसायचं. दुकानातून मला एका छोटीसाठी आणलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी तिने मला जिन्यावरून पाडलं आणि मला हा पोचा आला. ती इतकी रडली की शेवटी तिच्या आईने सांगितलं, "अगं, आता तो ओळखू येईल. दुसऱ्या कुणाचा तुझ्याकडे येणार नाही." तेव्हापासून मला माझ्या पोच्याचा जरा अभिमानच आहे.

छोटीची आई ती माझीही आई आणि तिचे बाबा ते माझेही बाबा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बाबा तराजू दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात भिंतभर पितळी वजनं ओळीने मांडलेली असत. माणूस मोठा काटेकोर. चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून बघणार. मित्र त्यांना 'काट्या' म्हणत आणि ते त्या नावाला ओ देत.

छोटी मोठी झाली, परिचारिका झाली आणि दूरच्या शहरात नोकरीला गेली. मग आईने माझ्यात बटणं भरून ठेवली. कोटाची, झग्यांची, उशीच्या अभ्र्यांची. कित्येक वर्षं मी बटणांचा डबा होतो. अन्नाचा वास विसरून गेलो होतो. पुढे आईची साखर वाढली, नजर मंदावली, सुईत दोरा ओवेना. तरी ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि बोटांनी चाचपून बटणं ओळखायची.

दर गुरुवारी संध्याकाळी आई-बाबा कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला जात. खिडकीजवळचं पाच खुर्च्यांचं टेबल त्यांचं ठरलेलं. चित्रकलेचे मास्तर, त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, बेकरीवाला आणि हे दोघं. एकाच्या ताटातलं दुसऱ्याने उचलायचं, हा तिथला नियमच होता. आपल्या ताटातलं आपणच खाल्लं तर बेकरीवाला म्हणायचा, "काय रे, आज भांडण आहे का आपलं?"

मग एका गुरुवारनंतर आठवड्याभरात आई गेली. घरात बाबा आणि मी उरलो.

चार महिन्यांनी बाबांच्या रक्तातही साखर निघाली. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "जरा जपून खा." पण आमच्या बाबांना 'जरा' कळत नसे. त्यांच्या धंद्यात काटा मध्यावर असतो नाहीतर नसतो. त्यांनी कुठूनसं एक पुस्तक आणलं आणि एक यादी लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली. धान्य नाही. बटाटा नाही. साखर नाही, फळसुद्धा नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, 'विस्तवावर गेलेलं काहीही नाही.'

त्या दिवशी त्यांनी माझ्यातली बटणं एका कागदावर हलक्या हाताने ओतली, मला तीनदा घासलं आणि पुसून टेबलावर ठेवलं. मला कोण आनंद झाला! म्हातारपणी पुन्हा कामाला लागलो. काकडीचे काप, कोबी, मुळा, पालकाची पानं, वाटीत भिजवलेले बदाम. सगळं वजनं लावून मोजलेलं. पण मित्रांनो, काकडी चिरता चिरता बाबा बोलायचे. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून माझ्याशीच बोलायचे. तिथेच मला ते कळलं.

आईचा वाढदिवस त्या शेवटच्या गुरुवारी होता. बेकरीवाल्याने केक आणला होता. आईला गोड बंद होतं. ती बाबांकडे बघून म्हणाली, "एकच घास." बाबांनी आपल्या हाताने भरवला. ती इतकी छान हसली, की त्यांनी दुसरा भरवला. मग तिसरा. दोन दिवसांनी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ती परत आलीच नाही. दुखणं जुनं होतं, एका केकने काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनी बाबांना परोपरीने सांगितलं. बाबांनी मान हलवली. पण सुरी काकडीवर तशीच थांबवून ते मला म्हणाले होते, "हे त्याला कळता कामा नये. केक त्याचा होता. तो मनाला लावून घेईल."

वर्षभराने बाबा पुन्हा गुरुवारी जाऊ लागले, मला काखोटीला मारून. पहिल्याच दिवशी वाढप्याने अडवलं, "साहेब, बाहेरचं खाणं चालत नाही." मालकीणबाई गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं, पाचव्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि काही न विचारता एक रिकामी बशी आणून ठेवली. आईच्या खुर्चीवर कोणी बसत नसे. माझी जागा तिच्यासमोरच झाली.

आता बाकीच्यांचं गरम सूप, भाजलेले बटाटे, लोण्यात परतलेला मासा, आणि आमचा मुळा. बाबा चावू लागले की सगळ्या टेबलावर कचाकच आवाज घुमायचा. बेकरीवाला म्हणाला, "अरे, तू जेवायला आलायस की लाकडं फोडायला?" सगळे पोट धरून हसले, बाबाही हसले. सुरुवातीचे दिवस असे मजेत गेले.

पण हळूहळू हसणं ओसरलं. बाबांच्या ताटातलं कोणी काही उचलेना. कच्चा मुळा कोण उचलणार? आणि बाबा कोणाच्या ताटाला हात लावीनात. मास्तर मासा मागवताना बाबांकडे चोरून बघू लागले. वहिनी पाव अर्धाच तोडून ठेवायच्या. डॉक्टरांनीही मधे एकदा सांगितलं होतं, "इतकं कडक नको. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर चार घास खा की." बाबांनी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन पुन्हा काकडी चिरायला घेतली.

आणि मग तो गुरुवार आला. बेकरीवाला एक खोका घेऊन आला, लहान मुलासारखा खूश होऊन. म्हणाला, "काट्या, आठ दिवस खपलोय मी. चारदा फसला. साखरेचा कण नाही, मैद्याची चिमूट नाही. नुसते बदाम आणि अंडी. तूच नीट करून दिलेल्या तराजूवर मोजून केलाय. घे."

बाबा केकाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "भट्टीत भाजलाय ना?"

"मग काय उन्हात वाळत घालू?"

मास्तर हसले. बाबा हसले नाहीत. "नको मला."

"अरे, बघ तर खरं. एकच घास."

मित्रांनो, त्याला काय ठाऊक की हे कोणाचे शब्द आहेत! बाबांनी बशी इतक्या जोरात ढकलली की ती माझ्यावर येऊन आदळली. ते ओरडले, "नको म्हटलं ना! जीव घ्यायचाय का?"

शेजारच्या टेबलावरचे चमचेसुद्धा थांबले. बेकरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने टोपी घेतली आणि निघून गेला. बाबांचा हात अर्धा उठला आणि तसाच खाली आला. खरं कारण सांगावं तर केकाचं नाव घ्यावं लागणार, आणि नाही सांगावं तर मित्र दुखावला जाणार. वहिनींनी केकाचा एक तुकडा कागदात गुंडाळून हळूच माझ्यात ठेवला. घरी आल्यावर बाबांनी तो फेकला नाही. फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिला.

पुढच्या गुरुवारी वहिनींचा फोन आला, "भावजी, आज काही जमणार नाही." त्याच्या पुढच्याही गुरुवारी तसंच झालं. मग फोन यायचे थांबले. बाबा मला घेऊन एकटेच कोपऱ्यावर जात आणि पाच खुर्च्यांच्या टेबलावर एकटेच कचाकच चावत. मालकीणबाई रिकामी बशी आणून ठेवत आणि गल्ल्याकडे परतत.

एका संध्याकाळी पुलापलीकडचं काम आटोपून आम्ही परतत होतो. एका खानावळीची खिडकी उघडी होती. आत ते तिघं होते. टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि चौथीवर त्यांचे कोट टाकलेले होते. मास्तर वहिनींच्या ताटातला बटाटा उचलत होते. वहिनींचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "वाईट वाटतं हो. पण त्यांच्यासमोर खायचं म्हणजे घास उतरत नाही घशाखाली. आणि त्यांना तरी कशाला छळायचं?" बेकरीवाला खाली मान घालून पावाचा चुरा करत होता.

म्हणजे त्यांनी बाबांना टाळलं तेही दयेपोटीच. बाबा पुलावर बराच वेळ उभे राहिले. त्यांनी मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की माझी डावी क्लिप तेव्हाच तुटली. मला वाटलं, मी नसतो तर बरं झालं असतं. मी टेबलावर गेलो आणि माझ्या बाबांची खुर्ची गेली.

पुढच्याच महिन्यात छोटीने बाबांना आपल्याकडे राहायला बोलावलं. दुकान बंद झालं. निघायच्या आदल्या दिवशी बेकरीतून निरोप आला, की तराजू अडकलाय. त्या दिवशी सकाळी बाबांनी बर्फाच्या कप्प्यातून तो तुकडा काढला आणि टेबलावर समोर ठेवला. तो मऊ होईपर्यंत बाबा नुसते बसून होते. मग त्यांनी त्याचा एक घास खाल्ला. एकच. आणि माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडले. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून माझ्या वाटीत ठेवला आणि आम्ही बेकरीत गेलो.

बेकरीवाला म्हणाला, "या. बसा." चाळीस वर्षं एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघं. ते 'या' ऐकून बाबांनी जे काही मनात जुळवून आणलं होतं, ते सगळं विसकटलं असावं. ते मुकाट्याने तराजूकडे वळले, तो खोलला, पुसला, वजनं ठेवून पाहिलं. काटा मध्यावर आला.

"झालं," बाबा म्हणाले.

"बरं."

"उद्या जातोय मी. मुलीकडे."

"कळलं मला. जपून जा."

बाबा दारापर्यंत गेले, थांबले आणि निघून गेले. मी तिथेच तराजूशेजारी राहिलो. ते मला विसरले की मुद्दाम ठेवून गेले, हे मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी बेकरीवाल्याने मला उघडलं. वाटीतला कागद सोडला. आपला केक त्याने ओळखला, आणि त्यावरचा चावाही पाहिला. तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. मग उठला, धावत रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांच्या घरी गेला तेव्हा दाराला कुलूप होतं.

आठवड्याने त्याने फोन केला. मी इथे फळीवरच होतो.

"डबा राहिलाय तुझा," तो म्हणाला.

पलीकडून बाबांचा आवाज बारीक येत होता. "असू दे तुझ्याकडेच."

"उघडला मी."

"मग कळलं असेल."

"अर्धंच कळलं रे."

मग बाबा म्हणाले, "आलो की सांगतो उरलेलं. तोंडावर सांगायचंय." बेकरीवाल्याने त्याच दिवशी मालकीणबाईंना सांगून पाच खुर्च्यांचं टेबल पुन्हा राखून ठेवायला लावलं. दर गुरुवारी तो मला धुऊन-पुसून तयार ठेवी. मुळासुद्धा आणून ठेवी.

थंडी सरता सरता छोटी आली. एकटीच आली. हातात पितळी वजनांची पेटी होती. "बाबा गेले," ती म्हणाली. "झोपेतच. वजनं तुम्हाला द्यायची म्हणाले होते." मग तिने फळीकडे पाहिलं. माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं. "हा माझा शाळेतला डबा."

बेकरीवाल्याने विचारलं, "अजून काही म्हणाला का गं? माझ्यासाठी काही?"

छोटीने खूप आठवून पाहिलं. "तराजूला तेल घालू नका, नुसता पुसा, असं सांग म्हणाले. बाकी काही नाही." मला तिने फळीवरच राहू दिलं.

बेकरीवाला दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून मला कोपऱ्यावर नेतो. टेबलाशी आता मास्तर, वहिनी आणि तो असतात. दोन खुर्च्या रिकाम्या असतात आणि मी पाचवीपुढे असतो. तिघंही माझ्यातला मुळा एकेक काप उचलून खातात. तोंडं वाकडी होतात, पण खातात. आणि जेवण झालं की बेकरीवाला माझ्याकडे बघत राहतो. उरलेलं अर्धं माझ्या पोटात आहे. बाबांनी काकडी चिरताना सांगितलेला शब्दन् शब्द मला पाठ आहे. पण मी पडलो डबा. माझं झाकण उघडतं, तोंड उघडत नाही.

तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. तुमच्या टेबलावर कोणी वेगळं खाणारा आला तर त्याची खुर्ची काढू नका, त्याला कारण विचारा. आणि तुम्हीच ते वेगळं खाणारे असाल तर कारण सांगा, कितीही जड गेलं तरी सांगा. आलो की सांगतो, असं म्हणू नका. माझे बाबा तसं म्हणाले होते.