कोपऱ्यातला राजा

हॉल सहाला रिकामा करून द्यायचा होता. सातला तिथं कुणाच्या तरी साखरपुड्याची पंगत बसणार होती आणि आचारी मंडळी पातेली घेऊन दारात उभीच होती. बुलडाण्यातल्या त्या शाळेत तीन दिवस नागपूरच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघाची निवड चालली होती. बाकी सगळे डाव संपले होते. एकच उरला होता, आणि संघातली शेवटची जागा नेमकी त्याच डावावर अडकली होती. बरोबरी झाली तर जागा प्रेमलाची, लक्ष्मीकांत जिंकला तर त्याची.

प्रेमला मोताळ्याच्या पंचायत समितीत टायपिस्ट. जिल्ह्याच्या संघात आजवर एकही बाई गेली नव्हती आणि यंदा आपण जायचंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. 'बघू, जमलं तर' हा प्रकार तिच्याजवळ नव्हता. लक्ष्मीकांत मेहकरचा शाळामास्तर, खेळायला तिच्याच तोडीचा.

पंच होते वैजनाथ सर, कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांच्या भाच्यानं मुंबईहून बुद्धिबळाचा कॉम्प्युटर आणून दिला होता. साल अठ्ठ्याऐंशी, असलं यंत्र जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिलंही नव्हतं. पाटीएवढा पट आणि बाजूला काचेची लहान पट्टी. मोहरी मांडली की कोण किती प्याद्यांनी वरचढ, तो आकडा पट्टीवर उमटायचा. सर त्याला क्रोशाच्या रुमालाखाली झाकून आणत, नव्या नवरीसारखं. अर्धवट राहिलेल्या डावांचा निकाल यंदा यंत्राला विचारून लावायचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

सहा वाजत आले तसा सरांनी डाव अर्धवट थांबवला आणि यंत्रावर मांडला. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या लक्ष्मीकांतकडं राजा, उंट आणि दोन प्यादी उरली होती. प्रेमलाकडं राजा आणि घोडा. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि दोनचा आकडा दाखवला.

"पांढरा दोन प्याद्यांनी पुढं," सर म्हणाले. "डाव लक्ष्मीकांतचा."

"नाही सर. हा डाव बरोबरीचा आहे," प्रेमला म्हणाली.

पण इथंच तिची पंचाईत होती. परवाच तिनं याच यंत्राशी वाद घातला होता. आपला डाव जिंकलेला आहे म्हणून ती अडून बसली आणि यंत्रानं तिच्याच राजावर तीन चालींत मात दाखवली. घरी जाऊन पट मांडून पाहिला, तर यंत्राचंच खरं. दुसऱ्या दिवशी तिनं चारचौघांत सरांची माफी मागितली. मग आज तिचं कोण ऐकणार?

"परवाचं विसरलात का, ताई?" लक्ष्मीकांत हसत म्हणाला.

"नाही विसरले. परवा त्याचं खरं होतं, आज नाही." ती सरांकडं वळली. "सर, ते जिंकतंय म्हणता ना, मग जिंकून दाखवू द्या. हाच डाव इथून पुढं माझ्याशी त्यालाच खेळू द्या. हरले तर मुकाट्यानं एसटी धरते."

सरांचा यंत्रावर इतका भरवसा, की ते लगेच तयार झाले. पातेली आत आली, पट बाहेर व्हरांड्यात गेला आणि वायर खिडकीतून ओढून घेतली.

प्रेमलाचे वडील तुळशीराम तिथंच खांबाला टेकून बसले होते. भाजीपाल्याचा मळा करणारा माणूस. बुद्धिबळ त्यांनीच तिला शिकवलं होतं, तेही जुन्या देशी नियमांचं.

प्रेमलानं घोडा उचलला आणि सरळ एक प्यादं मारलं. यंत्राच्या उंटानं घोडा खाल्ला. आता तिच्याकडं नुसता राजा. पट्टीवर चारचा आकडा आला.

व्हरांड्यात चुकचुकाट झाला. तुळशीराम मात्र खूश. "बुर्जी झाली," ते म्हणाले. "एकला राजा राह्यला. डाव बरोबरीत सुटला."

मग जो हशा पिकला, तो आचाऱ्यांपर्यंत गेला. देशी खेळात एकटा राजा उरला की त्याला मारत नसत. डाव तिथंच बरोबरीत थांबे, त्याला बुर्जी म्हणत. "काका, तो नियम कधीचा गेला," लक्ष्मीकांत म्हणाला. शिकलीसवरलेली मुलगी बापाच्या ओट्यावरचा नियम धरून घोडा घालवून बसली, असंच सगळ्यांना वाटलं. सरांनाही तिची कीव आली. प्रेमलाचे कान तापले. तिला वडिलांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. पण समजावत बसायची ही वेळ नव्हती. तिनं राजा कोपऱ्याकडं चालवला.

कोपऱ्यातलं घर काळं होतं. उरलेलं प्यादं पटाच्या काठानं चाललेलं, त्याला वजीर व्हायला त्याच घरात शिरावं लागणार होतं. आणि उंट होता पांढऱ्या घरांतून फिरणारा. जन्मभर फिरला तरी त्या काळ्या घरातून राजाला तो हुसकावू शकत नव्हता. प्रेमलाला हे घोडा देण्याआधीच दिसलं होतं. तिचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला.

मग सुरू झालं. यंत्रानं उंट इकडं नेला, तिनं राजा शेजारच्या घरात. उंट तिकडं, राजा परत कोपऱ्यात. यंत्र नुसतं येरझाऱ्या घालत होतं आणि पट्टीवर चार. आत पंगतीची पानं मांडून झाली.

"येष्टी निंगून जाईन, प्रेमला," तुळशीराम म्हणाले.

"जाऊ द्या, बाबा. मी उठत नाई."

शेवटी लक्ष्मीकांतलाच राहवेना. "सर, याला जमत नाहीये. मी खेळतो," म्हणत तो पुढं बसला. त्यानं प्यादं ढकललं. राजाला हलायला घर उरलं नाही, पण त्याला शहही नव्हता, म्हणजे बरोबरी. त्यानं मोहरी मागं घेतली आणि आपला राजा दुसऱ्या बाजूनं आणला. तेच झालं. उंट लांबून लावून पाहिला, तरी तेच. पुन्हा उंट उचलला आणि तसाच खाली ठेवला. जागा हातची जातेय हे त्याला कळत होतं, पण तो खेळणारा माणूस होता, पटावरचं दिसल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

"बरोबरी आहे, सर," तो म्हणाला.

"पण हे अजून चारच म्हणतंय," सर गोंधळून म्हणाले.

"मोहरी त्यानं बरोबरच मोजलीत," प्रेमला म्हणाली. "आत शिरायला वाट नाही, ते त्याला कळत नाही. पण नागपूरच्या स्पर्धेला ते घेऊन या, सर. परवासारख्या माझ्या चुका तेच पकडेल."

सरांनी दोघांना अर्धा-अर्धा गुण दिला आणि वायर काढली. पट्टीवरचा चार विझला.

तुळशीराम धोतर झटकत उठले. "म्या काय म्हनलं होतं? एकल्या राजाले कोनी मारत नसते. बुर्जीच झाली ना? उगाच हासून राह्यले होते."

सगळे प्रेमलाकडं पाहू लागले. लक्ष्मीकांत तर तुळशीरामांना समजावून सांगायला पुढं सरसावला. इतका वेळ साऱ्या व्हरांड्याशी भांडलेल्या प्रेमलानं त्याला हातानं थांबवलं.

"हाव, बाबा," ती म्हणाली. "बुर्जीच झाली."