विषय क्रमांक चौदा

"मेंबर, तुमास्नी कानडी येत न्हाय, ठाव हाय मला," म्हणत भावकूनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पर शाळंला सुट्टी लागल्या, मास्तर गावाकडं गेल्यात. कशाचा हाय तेवढं तरी बघा."

रवळूआण्णांनी कागद हातात घेतला. जिल्हा पंचायतीचं उत्तर होतं. सून दिपाली गेल्यावर भावकूनं ओढ्यावरच्या पुलासाठी अर्ज केला होता. श्रावणात ओढा भरून वाहत असताना दिपालीला कळा सुरू झाल्या. पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती. चौघांनी तिला बाजेवर घालून पाण्यात पाय टाकला आणि छातीला पाणी लागताच ते माघारी फिरले. दुपारी ओढा उतरला, तोवर दिपाली गेली होती. पोटातलं पोरही गेलं.

रवळूआण्णा दोनदा जिल्हा पंचायतीवर निवडून आले होते. पहिल्यांदा थोडक्या मतांनी, दुसऱ्यांदा एका सभात्यागाच्या जोरावर. बारा वर्षांपूर्वी कानडीतला कागद हातात धरून भर सभेत उभं राहून ते म्हणाले होते, "मला ही भाषा वाचता येत नाही. विषयपत्रिका मराठीत द्या." मग कागद टेबलावर टाकून ते बाहेर पडले. संध्याकाळी वेशीवर हलगी वाजली, सीमाभागातल्या ह्या मराठी गावानं त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. तेव्हापासून चारचौघांत कानडीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मुदत संपून वर्षं लोटली, पुढची निवडणूक लागलीच नाही. तरी गाव त्यांना मेंबरच म्हणायचं.

लहानपणी गोकाककडे मावशीच्या घरी राहून ते चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकले होते. हे गावात फक्त त्यांच्या बायकोला, जयाबाईला, ठाऊक होतं. ती चहा घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातातल्या कागदाकडे बघत दारातच थांबली.

तालुक्याला, खानापुरात कुणाकडून तरी वाचून घे, असं भावकूला सांगता आलं असतं. रवळूआण्णांनी चष्मा लावला.

"ह्यात म्हटलंय, ह्या पुलाचा प्रस्ताव बारा वर्सांमागं सभेपुढं आलता. विषय क्रमांक चौदा. संबंधित सदस्य हजर नसल्यानं त्यो तहकूब केला. पुन्हा कुणी मांडला न्हाय. आता नवा अर्ज करा म्हणत्यात."

भावकूचा कप ओठांपाशीच थांबला.

"तुमी वाचला की, मेंबर."

"व्हय."

"मग सभा सोडून आलासा त्या दिवशीबी वाचला असशीला."

"वाचलता. चौदावा विषय आपला हाय, ठाव होतं. वाटलं, पूल काय, फुडच्या सभंत मांडू. मग तुमी मिरवणूक काढलासा. त्यानंतर मांडायचा म्हंजे कानडी कागदावर सही करायला लागली असती. लोक काय म्हणतील म्हणून ऱ्हायलं, ते ऱ्हायलंच."

"त्या मिरवणुकीत माझाबी खांदा होता," भावकू म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं दोन शिव्या तरी द्याव्यात म्हणून रवळूआण्णा खाली मान घालून बसले. भावकूनं चहा संपवला, कप जमिनीवर ठेवला.

"साईराजला ह्यातलं काय सांगू नगा," तो म्हणाला. साईराज त्याचा मुलगा, दिपालीचा नवरा. "त्यो तुमास्नी लई मानतोय. बायकू गेली, पोर गेलं. आता तुमीबी गेलासा तर त्येनं कुणाकडं बघायचं?"

"नवा अर्ज मी लिवून देतो. कानडीत."

"लिवा. खाली तुमचं नाव घालू नगा."

तो गेल्यावर रवळूआण्णा लिहायला बसले. इतक्या वर्षांनीही हात कुठे अडला नाही. दिपालीचं नाव, तारीख, ओढ्याची रुंदी, सगळं त्या गोल अक्षरांत नीट उतरलं. सहीची जागा कोरी ठेवून त्यांनी कागद जयाबाईपुढे धरला.

"भावकूच्या घरात देऊन ये."

"तुमीच जावा की. चार घरं सोडून तर हाय."

रवळूआण्णा उठले नाहीत. जयाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद घेतला आणि डोक्यावर पदर ओढून ती पायरी उतरली.