सासू, दीर आणि नवा जावई

औषधांच्या दुकानांना माल पुरवणाऱ्या त्या ऑफिसात फोनवर बसायची ती वहिनी. तिला सगळेच वहिनी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. उजवं मनगट मोडल्यापासून माऊस धरला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तिने ब्राउझरमधल्या प्रत्येक बुकमार्कला एकेक शब्द लावला होता. डाव्या हाताने वरच्या पट्टीत शब्द टाईप करायचा, एंटर दाबायचं, पान हजर. आणि शब्द तरी कसले! 'सासू' म्हणजे गोदामातला साठा, कारण सासूबाईंना विचारल्याशिवाय घरात काय आहे ते कळायची सोयच नव्हती. 'दीर' म्हणजे मालाच्या गाड्या. त्या कधी जागेवर नसायच्या.

नव्या साहेबांच्या डोळ्यांत हे खुपलं. सगळे संगणक एकसारखे हवेत, ज्याला माऊस जमत नाही त्याने गोदामात खोकी लावावीत, असं त्यांनी फर्मान सोडलं आणि संगणकवाल्याकडून तिचे सगळे शब्द पुसून घेतले. आपली खुर्ची जाणार, हे वहिनीला न सांगता कळलं.

दुसऱ्या दिवशी पहिलाच फोन घाईचा. सवयीने तिने 'सासू' टाईप केलं, तर पडद्यावर सासू-सुनांचे विनोद आले. शेजारचा हिशेबनीस फिस्सकन हसला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानाचा अख्खा पत्ता आठवून टाईप केला, साठा सांगितला, फोन ठेवला आणि कीबोर्डवरूनच एकेक शब्द पुन्हा लावायला बसली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काल पुसले होते ना?"

"पुसले होते. आज परत लावतेय. उद्या पुसा, परवा परत लावीन. मनगट मोडलंय साहेब, डोकं शाबूत आहे."

"मग गोदामात जा."

"नाही जाणार."

साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "हे 'जावई' काय? हे आधी नव्हतं."

"आजच घरात आलाय. कामाला हात लावत नाही आणि सगळ्यांनी मान द्यायचा. दाखवते."

तिने शब्द टाईप करून एंटर दाबलं. मुख्य ऑफिसकडे तक्रार करायचं पान उघडलं. 'कोणाविरुद्ध' समोर तिने साहेबांच्या देखत त्यांचं नाव घातलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि माऊसला न शिवता पाठवून दिलं.

फोन वाजला. साहेब अजून तिथेच उभे होते. वहिनीने फोन उचलला.

"बोला," ती म्हणाली, "मी इथेच आहे."