टिकलीची जीभ

धनजच्या शेतात रूपानं बांधालगत गवताचे तीन पट्टे लावले होते: नेपियर, मारवेल आणि लसूणघास. रोज चार वाजता ती टिकलीचं दावं सोडायची आणि गाय आधी कशाला तोंड लावते ते पाहायची. टिकली निवडेल तेच दुसऱ्या दिवशी कापायचं. जून नेपियर नुसतं हुंगून गाय पुढे गेली की रूपाला कोण कौतुक! "तिले सारं समजते," ती गावभर सांगायची. सासू लिलाबाई म्हणायची, "गायीले जीभ हाय पोरी, अक्कल नाही." पण ऐकते कोण?

त्या दिवशी टिकली तिन्ही पट्टे ओलांडून थेट शेजारच्या हबीबभाऊंच्या वावरात शिरली. पीक निघालेल्या वावरात ढोर चारलं तर तिथं कोणी काही म्हणत नाही. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. टिकली त्यांवर अशी तुटून पडली की रूपाला हसू आलं. तिनं विळ्यानं एक पेंढी कापूनही घेतली.

गोठ्यापाशी ती पेंढी पाहताच लिलाबाईच्या हातातलं सूप गळून पडलं.

"कवळी ज्वारी चारली तिले? किरळ लागते वं, इख असते त्या फुटव्यात! ढोर जाग्यावर मरते!"

रूपानं वळून पाहिलं. टिकलीच्या तोंडाला फेस आला होता. पाय लटपटले आणि सातव्या महिन्याची गाभण गाय धपकन खाली बसली. आपणच दावं सोडलं, आपणच हसत उभ्या राहिलो! तिनं कामरगावच्या ढोरांच्या डॉक्टरला फोन लावला.

तो येईपर्यंत रूपा गायीच्या कुशीवर हात ठेवून बसली. श्वास हाताला जाणवला की बरं वाटे, थांबला की जीव जाई. एरवी दहा गोष्टी ऐकवणारी सासू आज नुसती गायीच्या तोंडाचा फेस पुसत होती, आणि त्याचीच रूपाला जास्त भीती वाटली.

"आई, मले शिव्या तरी द्या."

"गाय पाह्य आधी," लिलाबाई म्हणाली.

डॉक्टरनं शिरेत इंजेक्शन दिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टिकलीनं कान हलवला, मान उचलली आणि दिवेलागणीला ती धडपडत उभी राहिली. रूपाला रडू आवरेना. तिच्या आवडीचा मारवेल आणायला ती धावली.

परत येऊन पाहते तर काय! धावपळीत पेंढी तिथंच पडून राहिली होती आणि टिकलीनं तिच्यात तोंड खुपसलं होतं.

रूपा किंचाळली. मारवेल टाकून तिनं गायीच्या दातांतून फुटवे ओढून काढले. पेंढी नेऊन उकिरड्यावर जाळली, दाव्याला दोन गाठी मारल्या. तरी टिकली मान लांबवून तिच्या हिरव्या झालेल्या तळहाताला चाटू लागली.

रूपानं झटक्यात हात मागे घेतला आणि तो बादलीत बुडवून ती घासत बसली.